फुजीचा वेल

माझं नाव कमल. आम्ही पुन्याजवळच्या मांजरी गावचे, घरचा ऊस व्हता, लगीन होऊन आले तवापास्नं ऊसच बघितला, खुरपायचं, पानी धरायचं, फूल म्हनलं तर दारातला झेंडू. मग रान इकलं, तिथं बिल्डिंगी झाल्या, माझे मालक वारले, आन मी विश्रांतवाडीला एका बाईंच्या बंगल्यात बागकामाला लागले. बाई शाळेत शिकवायच्या, रिटायर झालेल्या. बोलनं तुटक. पयल्याच दिवशी म्हनल्या, कमल, मला बडबड चालत नाही, काम चालतं.

त्यांचा एकुलता लेक जपानला नोकरीला. सुट्टीला आला तवा तिकडच्या वेलाचं बी घेऊन आला, विस्टेरिया, तिकडं फुजी म्हनत्यात. द्राक्षाच्या घडावानी जांभळी फुलं लोंबत्यात, मोबाइलवर दाखवली मला. आम्ही दोघांनी मिळून कुंडीत बी टाकलं. मावशी, सांभाळा हं, म्हनला. परत गेला आन सा महिन्यांनी तिकडंच ॲक्सिडेंटमधी गेला. काय सांगू तुम्हाला, बाई रडल्या न्हाईत. रोज सकाळी येऊन त्या रोपापाशी उभ्या राहायच्या, बास. लेकाचं नाव बी कदी काढलं न्हाई.

वेल वाढला पन असा, की जमिनीत लावून लोखंडी मांडव घालावा लागला. पानंच पानं. फूल न्हाई. दरसाल बाई इचारायच्या, यंदा येईल का गं? मी म्हनायचे, येईल की, पुढल्या साली. सात-आठ वर्सं हेच. शेनखत घातलं, छाटनी केली. नर्सरीतला मानूस म्हनला, मावशी, त्याला कडाक्याची थंडी लागती, ती पुन्यात कुठली? मग मी येडी, मासळीवालीकडनं बर्फ आनून बुंध्याशी टाकला. बाईंनी बघितलं. हे काय चाललंय? म्हनलं, थंडी देते त्याला. बाई हसल्या. लेक गेल्यापास्नं पयल्यांदा हसल्या, हसता हसता पायरीवर मटकन बसल्या आन मग रडल्या, हुंदके देऊन. मी बी रडले.

मागल्या साली बाईंनी अंथरून धरलं. एक दिवस म्हनल्या, कमल, खरं सांग, येईल का फूल? येईल, असं पार ओठावर आलं व्हतं माझ्या. पन जानाऱ्या मानसाशी खोटं कसं बोलायचं? म्हनलं, न्हाई बाई. हितं न्हाई यायचं. कवाच न्हाई.

त्या म्हनल्या, मला माहीत होतं. तुला सांगायला आठ वर्षं लागली.

आन माझा हात धरून लेकाचं बोलाय लागल्या. लहानपनी कसा पडायचा, काय खायचा, कुनाशी भांडायचा, दुपारपासनं दिवे लागोस्तोर बोलत व्हत्या. चार दिवसांनी गेल्या.

आता बंगला बाईंच्या भाच्याकडं हाय, त्याला पाडायचाय. म्हनलं, दादा, तुमचं घर, तुमची मर्जी, फकस्त त्या वेलाला मशीन लावू नका, मी माझ्या हातानं कापीन. बरं म्हनला. मायलेक जिथं आसतील तिथं सुखात राहोत. वेलाला यातलं काय ठावं? उन्हाची तहान लागतीच त्याला. आज बी पानी घालूनच आले.