होडी कुठं हाय

तुमी आमच्या हॅम रेडिओला, या हौसेच्या वायरलेसला, पोरखेळ म्हणता, म्हणून सांगतो. गोदावरीला पूर आला अन् सोनपेठकडं मोबाईल बंद पडले. मळ्यात अडकलेली माणसं आणायला होडी गेली, तिच्यात वायरलेस घेऊन माझा मेव्हणा. शाळेच्या गच्चीवर आमी दोघं. मी होडीचं ऐकायला, गफूरभाई दुसऱ्या सेटवर परभणीच्या कंट्रोल रूमशी बोलायला. घाईत दोन्ही अँटेना शेजारी-शेजारी बांधल्या. गफूरभाईंनी बोलायचं बटण दाबलं की माझ्या कानात नुसती खरखर.

"भाई, थांबा जरा. होडीचं काहीच ऐकू येईना."

"कसं थांबू? परभणीवाले सारखं विचारायलेत, होडी कुठं हाय."

माझं डोकंच सटकलं. सेट, बॅटरी, अँटेना उचलली अन् गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. खरखर दबली, तसा मेव्हण्याचा आवाज आला, "दाजी, होडी बाभळीत अडकलीय. पाणी चढायलंय. दोर पाठवा."

दोर गेला, माणसं सुटली. मेव्हणा गच्चीवर आला.

"दाजी, इतक्या हाका मारल्या, होता कुठं?"

मी गफूरभाईंकडं बघितलं.

"तुलाच शोधायलो होतो, बाबा," ते म्हणाले.