बत्तीस वेळा चावलेली नाचणी

...नाही, तुम्हीच सांगा, ज्याची कारखान्याची बस सव्वासहाला सुटते त्या माणसाला पावणेसहाला पानावर बसवून कुणी म्हणेल का, "स्वल्प सावकाश, जावईबापू"? आमचे सासरे म्हणतात! व्यंकोजीराव. तीन पिढ्या इथंच बंगलोरात, पेन्शनीत निघाले आणि मुक्कामाला आमच्याकडे आले ते दोन नियम घेऊनच. घास बत्तीस वेळा चावायचा, आणि बैलगाडी एका दिवसात जाऊन येईल तेवढ्या टापूत पिकलेलंच खायचं. माझ्या आईनं सोलापूरहून रेल्वे पार्सलनं ज्वारी पाठवली, ती ह्यांनी लांबची म्हणून चिमण्यांना घातली. सोलापूरची ज्वारी, चिमण्यांना! आणि मला काय, तर इथून जवळच्या येलहंक्याची नाचणी. पीठ शिजवून घोटलेला गोळा, इथं मुद्दे म्हणतात त्याला.

तुम्हाला सांगतो, तो गोळा चावून बघा एकदा. पाचव्याला टाळूला चिकटतो, दहाव्याला दाढेत बसतो, विसाव्याला जबडा आपला राहत नाही... आणि हे समोर बसून मोजतायत. सव्वीस, सत्तावीस, स्वल्प सावकाश, जावईबापू. स्वतः जेवणार पूजेनंतर, आणि पूजा मी जेवून गेल्यावर. बाहेर बसचा भोंगा वाजतोय, आमची हेमलता म्हणते, "अहो, बाबांचं मन मोडू नका." गेली बस. दोनदा गेली. चार्जहँडच्या, म्हणजे टोळीच्या मुकादमाच्या, जागेसाठी माझं नाव वर गेलेलं, साहेबांनी बजावलेलं की महिन्यात तिसरा लेट मार्क पडला तर नाव कटलं.

तिसरा पडला.

कँटीनमध्ये जबडा धरून बसलो, तर आमच्याच खात्यातला भीमसेन, इथलाच, विचारतो, "काय अण्णा, दाढ दुखते?" सांगितलं सगळं. हसून हसून त्याचा चहा सांडला. "मुद्दे कोण चावतंय अण्णा? सारात बुडवायचं, गिळायचं. पाच मिनिटांत बसमध्ये."

तसाच घरी येऊन सासऱ्यांना धरलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? "होतं की. चावायचं ते भाताला, भाजीला. मुद्दे आम्ही जन्मभर गिळतोय. तुम्ही चावायला लागलात, मला वाटलं तुमच्या सोलापूरकडची रीत असेल. जावयाला कसं टोकायचं? म्हणून नुसतं मोजत होतो."

चार्जहँड कोण झालं म्हणता? भीमसेन. मला लेट मार्कांपायी दुपारची पाळी. आता सकाळभर मी पानावर मुद्दाम चावत, आणि सासरे पूजेला खोळंबलेले. काल म्हणाले, "गिळा की, किती वेळ?"

म्हटलं, स्वल्प सावकाश, सासरेबुवा. सव्वासहाची बस गेली.