दहापैकी साडेसहा

— नाही हो, पाणी नको, मेन्यूकार्ड तर मुळीच नको. आधी ती लहान मुलांची उंच खुर्ची इकडे आणा. हं. बघा, हलतेय. डावा पाय आखूड आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशानं काय होतंय — मॅनेजरसाहेब, मी एकतीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासले, जे होतं ते एवढ्याशानंच होतं. खाली कागदाची घडी घाला. मेन्यूकार्डाची घाला, त्याचा तेवढा तरी उपयोग होईल. काय म्हणालात? हे कागद कसले? म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही? अहो, या वस्तीत, शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे ज्या नव्या इमारती झाल्यात ना, तिथं कुणालाही विचारा, पोरंबाळं घेऊन जेवायला कुठं जावं, तर लोक आमच्या लिफ्टशेजारचा फलक दाखवतात. सहकुटुंब जेवायची ठिकाणं, गुणांसहित. ती यादी माझी. तुमचं हॉटेल उघडून सव्वा महिना झाला, म्हटलं बघून यावं.

आता सावध झालात! नका होऊ, मी काही खाणार नाही कुणाला. आणि इथं स्पर्धा तरी कसली आहे? पेट्रोलपंपाशेजारचं घ्या — घसरगुंडी आहे म्हणून केवढं कौतुक. पण ती संपते कुठं, तर हात धुवायच्या बेसिनखाली. पोर वरून निघतं ते थेट कुणाच्या तरी चुळीत. चार गुण, तेही तळलेल्या बटाट्यांचे. बँकेच्या वरचं — तिथं वाढदिवसाला विदूषक बोलावतात. त्याला बघून पोरं रडतात, पोरांना बघून तो रडतो, आणि केक कोण खातं तर मॅनेजर. पाच. माशांची टाकी आहे तिथं तर एका चिरंजीवांनी माझ्यादेखत वाटीभर सूप टाकीत ओतलं. मासे हूं की चूं करेनात, यावरून सूप किती पातळ होतं ते ओळखा. तुमचं त्या मानानं बरं आहे. संडासाची कडी चार वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचते, मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. बाहेर एक गृहस्थ वाट बघत होते, त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. गाणी हळू आहेत, टेबलाचे कोपरे गोल आहेत. दहापैकी साडेसहा. हा अर्धा गुण कशाचा? तुमच्या टेबल पुसायच्या फडक्याला वास येत नाही, त्याचा.

माझ्या घरचे? ते कुठं मध्येच आले? — नाही, प्रश्न बरोबर आहे तुमचा. सहकुटुंब यादी करणारा माणूस दर वेळी एकटाच कसा येतो, असं ना? माशाच्या टाकीवाल्यानंही विचारलं होतं, त्याचा मी एक गुण कापला. तुमचा नाही कापत. असं आहे बघा, रविवारी दुपारी एकट्या माणसाला या भागात टेबल मिळत नाही. “किती जण?” “एक.” की लगेच त्यांचा चेहरा उतरतो. मग आज फक्त फॅमिली, साहेब. नाहीतर संडासाच्या दाराशी एक स्टूल. एकदा असाच दारात उभा होतो, चष्मा शोधायला खिशात हात घातला तर हाताला जुना मापाचा टेप आला. सवयच ती, एकतीस वर्षांची. तेवढ्यात मालकच धावत आला — साहेब, तपासणी का? मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. खिडकीजवळचं टेबल मिळालं, पुसून! मग काय, पुढच्या रविवारी कागदही नेला. खोटं म्हणाल तर एवढंच, पुढची यादी मात्र अगदी खरी. त्यात मी लबाडी केली नाही.

बायको? आहे की, ठणठणीत आहे. रविवारी ती लेकीकडे जाते. मी जात नाही. जात नाही म्हणजे — बोलावत नाहीत. सांगू का? सांगतोच आता, तुम्ही तरी कुठं कामात आहात, दोनच तर टेबलं भरलीयेत. पाच वर्षं झाली. लेकीनं एक मुलगा पसंत केला होता, आम्हाला दाखवायला म्हणून एका चांगल्या हॉटेलात जेवायला बोलावलं. सूप आलं, गार. मी परत पाठवलं. पुन्हा आलं, जीभ भाजली, परत पाठवलं. तिसऱ्या वेळी त्यात केस निघाला — केस नव्हता, कोथिंबिरीची काडी होती, पण तोवर मी उभा राहिलो होतो. मॅनेजर समोर मान खाली घालून, माझं बोट त्याच्या नाकासमोर, अख्खं हॉटेल घास थांबवून ऐकतंय. आणि तो मुलगा बिचारा आपलं सूप गपचूप पीत होता. मी त्याच्याकडे वळून म्हणालो — आता लाज वाटते सांगायला — म्हणालो, गार सूप निमूट पिणारा माणूस माझ्या मुलीला काय सांभाळणार! लेक उठली. पर्स उचलली. म्हणाली, बाबा, तुम्ही बॉयलर तपासा, माणसं नका तपासू. गेली ती गेली. लग्न केलं त्याच्याशीच, आणि तो सांभाळतोय हो तिला, चांगला सांभाळतोय, माझ्यापेक्षा बरा. फार चुकलं माझं. पण चुकलं म्हणायला तरी समोर कुणी लागतं ना?

आणि आज येतायत! आमच्या हिनं वर्षभर लेकीच्या मागं लागून जमवलं. ही, लेक आणि नात. नात साडेतीन वर्षांची आहे, मी तिला फोटोतच बघितलंय. घरी नको म्हणाली लेक, बाहेर भेटू, म्हणजे उठून जाता येतं. जागा बाबांनाच ठरवू दे, त्यांची यादी आहे म्हणे. म्हणून तर सकाळपासून तुमच्या डोक्यावर बसलोय. एकचा वायदा आहे. तेव्हा नीट ऐका, चार जणांचं टेबल, ते खिडकीजवळचं. सूप गार आणा, खारट आणा, त्यात आख्खी जुडी घाला कोथिंबिरीची, मी पिणार. एक अक्षर बोलणार नाही. आणि तरीही मी तोंड उघडलंच, तर तुम्ही यायचं आणि मला म्हणायचं, साहेब, तुमचा फोन आलाय. कुणाचा ते मी बघून घेईन. कळलं? काय सांगितलं मी? परत म्हणून दाखवा. अहो, मान काय हलवताय नुसती, नीट लक्ष द्या, हे काही —

थांबा. आल्या. वळू नका! तुमच्या मागं, काचेबाहेर. पुढं आमची ही. मागं लेक — बारीक झालीय. आणि कडेवर ती... अरेच्चा, केवढी मोठी झाली ही! आत का येत नाहीयेत? दारात येऊन थांबल्या का? अशी काय बघतेय लेक माझ्याकडे — अहो, माझं बोट! माझं बोट वर आहे, तुमच्या नाकासमोर! आणि तुम्ही हे असे मान खाली घालून उभे! तिला वाटतंय मी तुम्हाला झापतोय. आमच्या हिनं कपाळाला हात लावला बघा. अहो, हसा. हसा ना! मी ओरडत नाहीये, विनंती करतोय! माझ्या खांद्यावर हात ठेवा, जुने दोस्त असल्यासारखा. ठेवा की! — पाठ फिरवली तिनं. निघाली. पोरगी तेवढी बघतेय इकडे, आईच्या खांद्यावरून. साहेब, पाया पडतो तुमच्या, मोठ्यानं हसा, काचेपलीकडे ऐकू जाईल असं. हां — हां, असं! पोरगी हसली. आईचा गाल ओढतेय, इकडे बोट दाखवतेय. — थांबली. लेक थांबली हो.

तुम्ही हसत राहा. मी तोंड मिटतो.