दिल्याच्या सायकलवर फुटलेला नारळ

अरे, आमच्या कोपरीच्या दिल्याचा किस्सा सांगितलेला का कधी? नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंधशाळेसाठी मदत गोळा करत पठ्ठ्या कलकत्त्याहून सायकल मारत आलेला. शेवटची रिबीन समोर दिसतेय, बँजो वाजतोय, आणि त्याची आई आडवी आली. आम्ही कोळी, होडी सुखरूप परतली की तिच्यावर नारळ फोडायचा. म्हातारीने रडत रडत त्याला ओवाळलं आणि सायकलच्या पुढच्या चाकावर नारळ हाणला. सगळा देश पार करून आलेलं चाक कोपरीत वाकलं!

"आये, काय केलास गो!" दिल्या ओरडला.

"आमचे होरीला कदी काय झाला नाय. तुजी सायकलच कच्ची," म्हणत तिने वाकडं चाक स्वतःच उचललं. "चल, धर तिकरून!"

रिबीन दोघांनी मिळून तोडली.