कुलूप माझं!

नाही, पण मला सांगा, माणसानं स्वतःच्या कुलपावर विश्वास ठेवू नये, तर मग ठेवावा तरी कशावर? तळोज्याला साबणाच्या पावडरीच्या कारखान्यात फिटर आहे मी, काशिराम! आमचा मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे हो, खोलीएवढं पिंप, आत माणसाएवढी पाती, आणि कडेला थापलेली पावडर खरवडायला आत उतरायचं कुणी? आम्हीच! म्हणून नियम असा, की आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, आपल्या फोटोची पाटी लटकवायची, बटण दाबून बघायचं, ढिम्म हलत नाही ना, की मग उतरायचं. कुलूप माझं, चावी माझ्या खिशात, मी बिनघोर!

तर त्या दिवशी आत बसून खरवडतोय, आणि बाहेर... खट्! स्विचचा दांडा वर गेला! तुम्हाला सांगतो, आधी खिसा चाचपला, चावी जागेवर! कुलूप माझं, चावी माझ्या खिशात, मग स्विच लावला कुणी, भुतानं? असा बोंबललो, असा बोंबललो, की बटणापर्यंत गेलेलं बोट तिथंच थांबलं.

वरून डोकावलं कोण? कृष्णकांत! मशीन चालवणारा, उरणचा, बारा वर्षं माझ्या डब्यात जेवणारा! म्हणतो, "अरे, तू आतमदी हायस? मला वाटला चाय प्यायला गेलास!"

"कुलूप दिसलं नाही?"

"दिसला की! तुजा फोटू पन दिसला. बोललो, काढायला इसरला बिचारा, आपनच काढू."

"पण काढलंस कशानं?"

"माज्या चावीनं!"

माझ्या कुलपाला त्याची चावी! स्टोअरच्या अरुंधती मॅडमकडे तणतणत गेलो, तर त्या शांतपणे चष्मा पुसत, "अहो, डझनभर कुलपं मुद्दाम एकाच चावीची मागवली. कुणाची हरवली तर खोळंबा नको ना!" आणि हे ठाऊक कुणाला? सगळ्या खात्याला, दोन वर्षं! कुलूप माझं, चावी माझ्या खिशात, म्हणत मी खुळा रोज खिसा चाचपून उतरतोय...

कृष्णकांतला विचारलं, "मग मला बोलला का नाहीस रे?" तर म्हणतो, "तू येवढ्या भरवशानं लावायचास, वाईट वाटला असता तुला." वाईट? अहो, चटणी झाली असती माझी! परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो, पण हा... डोळ्यांत पाणी आलं हो.

आता नवी कुलपं आलीत, प्रत्येकाची चावी निराळी. परवा कृष्णकांत हळूच म्हणतो, "तुजी एक चावी ठेव ना माज्याकडं."

"नाही."

"विश्वास नाय माज्यावर?"

"नाही!"

झालं! बोलणं बंद, डबा वेगळा. मरता मरता वाचलो मी, आणि रुसून बसलाय तो! आता समजूत काढायला जायचं कुणी?... हा काय, निघालोच आहे.