शिपायाला लागलेला बॉल

मी अर्नाळ्याचा. आजा दर्यावर, बापूस दर्यावर, मंग मी कुटं जानार? भरती उतरली का ओल्या वाळूवर आमी क्रिकेट खेळायचो, बॉल असा उसळायचा, काय सांगू तुमाला, माज्यापुढं कोन उभा राहत नव्हता. पन लगीन झालं, गावात मासळी कमी पडाय लागली, म्हनून गुजरातच्या बोटीवर खलाशी गेलो. बायको नको बोलली व्हती. मी तिचं ऐकत नाय आनि मंग तीच खरी ठरते, आमच्या घरात असंच हाय.

तर भर दर्यात मशीन बंद पडलं, वाऱ्यानं बोट वाहत गेली. पान्यावर काय रेघ मारलेली असते का वो? गस्तीची बोट आली, बंदुका आमच्यावर, तवा कळलं, आपन पाकिस्तानात. तुरुंगात टाकलं आनि पोटात जे भ्या शिरलं ते भाकर खाली उतरू देईना. आमचे तांडेलकाका, म्हंजे बोटीचे मुख्य, ते रोज बोलायचे, मान खाली ठेव रे बाबा, घरी जायचंय.

पन मच्छीमाराचे हात गप बसतात का? चिंध्यांचा गोळा केला, त्यावर सुतळी घेऊन जाळ्यासारख्या गाठी मारल्या, बॉल तयार. दगडासारका घट्ट. आमी अंगनात खेळायचो, शिपाई बघायचे. त्यात एक उंच दाढीवाला व्हता, त्याला आमी लंबू बोलायचो. आमाला सोडनार अशी खबर आली, त्याच आठवड्यात लंबू फळकूट घेऊन उभा राहिला, बोलला, डाल. काका कानात बोलले, हळू टाक, त्याला लागलं तर आपली सुटका गेली. मी हळूच टाकला. लंबू चिडला, बोलला, मेल्या हातानं काय टाकतो, खेळायचं तर नीट खेळ.

मंग टाकला नीट. बॉल उसळला तो थेट त्याच्या ओठावर. रगत! काका हात जोडून रडाय लागले, मी डोळे मिटले, बोललो, आई कालिके, गेलं सगळं. तेवढ्यात मोठा साहेब आला, लंबूला विचारलं, तोंडाला काय झालं? लंबू बोलला, पायरीवरून पडलो साहेब. साहेब आमच्या सगळ्यांकडं बघत राहिला, मंग गेला. लंबूनं ओठ पुसला, बॉल माज्या हातात दिला, बोलला, आता कसा टाकलास! अजून एक टाक. मला हसाय पन येईना आनि रडाय पन.

सुटलो, घरी आलो. आता लांब जात नाय, किनाऱ्याजवळच जाळं टाकतो. पन भ्या गेलं नाय. पाकिस्तानसंगं मॅच असली का नाक्यावर टीव्ही लावतात, पोरं बोलतात, त्यांना सगळ्यांना उडवलं पायजे. एकदा मी लंबूचं सांगाय गेलो, तर एक जन बोलला, तू तिकडचाच झालास काय रे? सगळे माज्याकडं बघाय लागले. तवापासून गप. लढाईच्या बातम्या लागल्या का बायको दार लावून घेते, बोलते, तोंड उघडू नको. मी आत बसतो, आनि मला लंबूचीच काळजी लागते, सरहद्दीवर तर नाय ना पाठवला त्याला?

तुमी हे छापनार, तर माजं नाव नका टाकू. त्याचं तर मला ठाऊकच नाय. जिथं असंल तिथं देव त्याला सुखी ठेवो, त्याच्या पोराबाळांना ठेवो, एवढं मात्र छापा.