पाळणा कुठं ठेवायचा

तुम्ही हसाल, पण मला अजून त्या गोष्टीनं धडकी भरते. भूकंपानंतर औशाकडच्या आमच्या गावाला नवी घरं मिळाली. ती ज्या गुत्तेदारानं बांधली, तोच पुढं निवडणुकीला उभा राहिला. घरांचं सिमेंट खाल्लं म्हणून सगळं गाव त्याच्या नावानं ओरडायचं, आणि सगळ्यात जोरात आमच्या सासूबाई.

प्रचार करत तो आमच्याही दारात आला. आलेल्याला ओवाळायचं म्हणून मी ताट घेऊन उभी राहिले. कुंकू लावणार, तेवढ्यात त्याची नजर घरात गेली. मागच्या भिंतीला खेटून पाळणा होता, त्यात माझं तान्हं लेकरू झोपलेलं. गुत्तेदाराचा चेहराच उतरला.

"ताई, पाळणा आधी तिथून हलवा. इकडं पुढच्या भिंतीकडं घ्या."

"का हो भाऊ?"

"ती भिंत जरा कच्ची हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बांधली न्हाई का!" असं म्हणून त्यानं कुंकवाला कपाळ पुढं केलं.

मी ताट तिथंच टेकवलं आणि लेकराला उचलून अंगणात पळाले. वाटलं, आता सासूबाई याची खरडपट्टी काढणार. त्या तर डोळ्याला पदर लावून उभ्या!

तो गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आता तरी याला मत देऊ नका."

"गप बस," त्या म्हणाल्या. "खातेत तर सगळेच. पण कुठं खाल्लं ते सांगायला दारापर्यंत कोण येतंय?"